थाळीचा दगड

एकसष्ट सालच्या पौषात पळसबांधच्या तलावावर लागोपाठ नऊ सकाळी धुकं उतरलं. त्यातल्या सहाव्या सकाळी माझ्या सासूबाईंनी मला हलवून उठवलं, तेव्हा त्यांचा हात तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखा भाजत होता.

"दुरपता, ऊठ. थाळी घे."

"मी?"

"मंग कोण? मले उभं राह्यवत नाई. दोघं पाण्यावर हायेत. ऊठ लवकर."

आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. मामींचं नाव पारबता. दोघं म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा, माझा नवरा, आणि शेजारचा रुषी. नवऱ्याचं नाव शालिक. तेव्हा मी ते घेत नव्हते. आता म्हातारपणी लिहायला हरकत नाही.

माझं लग्न होऊन आठ महिने झाले होते. वय सतरा. माहेर दारव्ह्याकडचं, कापसाच्या मुलखातलं. जातीनं आम्ही धिवर खरे, पण माझ्या बापानं जन्मात जाळं हातात धरलं नव्हतं. तो जिनात रुई दाबायचा. पाणी म्हणजे मला विहिरीतलं आणि रांजणातलं ठाऊक. इथं घराचं मागचं दार उघडलं की दोन कोस पाणीच पाणी. पहिले काही दिवस मी त्या दाराकडे पाठ करून जेवायला बसायची.

पळसबांध तसं लहानसं गाव. एक भातगिरणी, एक पोस्ट, सातवीपर्यंत शाळा, आणि सकाळी आठला तालुक्याला जाणारी मोटार. हिवाळ्यात सगळं त्या मोटारीवर चालायचं. संध्याकाळी माणसं डोंग्यातून जाळी टाकून यायची आणि तांबडं फुटायच्या आत ती उचलायला जायची, म्हणजे टोपल्या आठच्या मोटारीवर चढल्या पाहिजेत. डोंगा म्हणजे एका झाडाचं खोड कोरून केलेली अरुंद होडी. एकच माणूस नीट मावतो, आणि तोही शिंकला तर डुलतो.

धुकं असलं की मधल्या पाण्यावरून काठ दिसत नाही. कंदील दिसत नाही, जाळ दिसत नाही. म्हणून आमच्या वस्तीच्या, धिवरपुऱ्याच्या, उतारावर बसून काशाची थाळी वाजवायची. तीन ठोके, मग थाळीवर तळवा ठेवून तिला गप्प करायचं आणि ऐकायचं. पाण्यावरचा माणूस "होऽऽ" करतो. मग पुन्हा तीन. आवाजाचं बोट धरून डोंगा सरळ रेतीला लागतो. आमच्या पुऱ्याची थाळी मामींकडे होती. बावीस हिवाळे त्या उतारावरच्या काळ्या सपाट दगडावर बसत आल्या होत्या.

मामी खाटेवर उठून बसल्या आणि भिंतीला टेकून मला सांगू लागल्या. दात वाजत होते.

"दगडावर बसजो. तीन ठोके, मंग हात ठेव अन् ऐक. घाई करू नको. दोन्ही डोंगे रेतीले लागेपर्यंत वाजवाचं. मधात थांबली त ते पाण्यावर बांबू रोवून तिथंच उभे राह्यतीन."

"काहून?"

"थाळी थांबली म्हणजे काठावर काहीतरी झालं. मंग पाण्यावरच्यानं हलू नये. जा आता. गोरशी घेऊन जा, नाई त बोटं आखडतीन तुही."

गोरशी म्हणजे मातीची हातात धरायची शेगडी. चुलीतले चार निखारे तिच्यात घातले, डोक्यावरून घोंगडी घेतली, काखेत थाळी आणि लाकडी मोगरी धरली आणि निघाले. मामींनी दगड सोडू नको असं काही सांगितलं नाही. पळसबांधात जन्मलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

बाहेर आले आणि माझंच घर माझ्यामागे नाहीसं झालं. पुढे केलेला हात कोपरापर्यंत दिसायचा, पुढचा नाही. उतार पायांनीच ओळखत खाली गेले. कुठंतरी उजवीकडे मैनाच्या बकऱ्या खोकत होत्या. मैना म्हणजे रुषीची बायको, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, तोंडानं तिखट. आदल्या संध्याकाळी शेकोटीपाशी बसलो असताना तिनंच मला छेडलं होतं.

"दुरपता, तुह्या सासूले ताप आला म्हणते. मंग सकाळी दगडावर तूच का?"

"बसीन. त्यात काय?"

"काही नाई. तानबाजी येते तिथं, एवढंच. धुकं असलं का दगडामागं बसून राह्यते. लय खोकते."

"मैने, उगीच पोरीले भेव नको दाखवू," मामी म्हणाल्या होत्या. पण बाकीच्या बाया हसल्या होत्या, आणि मीही हसले होते.

तानबाजी दिवाळीनंतर बुडाले होते. म्हातारे होते, दम्याचे. त्यांना काढलं तेव्हा त्याच दगडावर आणून ठेवलं होतं. मी मागच्या दारातून पाहिलं होतं, नको असताना. धोतर वर सरकलेलं, आणि पावलं भिजवलेल्या पोह्यांसारखी पांढरी, सुरकुतलेली.

मी दगडावर बसले. दगड ओला आणि बर्फासारखा गार होता. माशांचा वास येत होता. गोरशी पायाशी ठेवली, थाळीची दोरी डाव्या हातात अडकवली आणि तीन ठोके दिले. हात ठेवला. ऐकलं. काही नाही. पुन्हा तीन. हात ठेवला. फार दुरून, जणू रांजणाच्या तळातून, "होऽऽ" आलं. आवाज ओळखला मी. त्यांचाच. अंगात ऊब आली. पुन्हा तीन ठोके दिले, हात ठेवला, आणि माझ्या मागे, अगदी दगडाला लागून, कुणीतरी खोकलं.

बकरी नव्हती. खोकला ओला होता, छातीतून आलेला. मी मान वळवली नाही. श्वास धरून बसले. मग पाण्यात काहीतरी चुबकन झालं आणि पुन्हा, आता माझ्या डाव्या बाजूला, दोन हातांवर, तो खोकला. त्याच्यामागून एक लांब उसासा.

मी पळाले.

घराकडे पळाले असते तर बरं झालं असतं. पण उतारावर पाय घसरला, दिशा चुकली, आणि मी पाळीवर चढले. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध, उंच आणि सरळ. त्या पाळीवर दोनशे पावलांवर महादेवाचं देऊळ आहे, आणि त्याच्या गाभाऱ्यातला दिवा धुक्यात हळदीच्या बोटाएवढा दिसत होता. दुसरं काहीच दिसत नव्हतं, म्हणून मी त्या बोटाकडे धावले. पायरीवर पोचले तेव्हा तोंडातून शिट्टीसारखा आवाज येत होता. थाळी हातात होती, मोगरी हातात होती. गोरशी नव्हती.

देवळाच्या पायरीवर भीती कमी झाली. पाठीला देव, अंगावर दिव्याचा उजेड. तेव्हा एकदम आठवलं की थाळी थांबली आहे. पाण्यावर ते दोघं बांबू रोवून उभे असतील. परत दगडावर जायला पाय तयार होईनात. मी स्वतःला म्हटलं, वाजवायचीच आहे ना, इथून वाजवू. आमच्या माहेरी शेतातल्या गड्यांना जेवायला हाक मारायची तर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढून मारतात. जितकं उंच तितकं दूर जातं. पाळ तर किती उंच. इथून चांगलं ऐकू जाईल.

मी वाजवू लागले. तीन ठोके, हात, ऐकणं. तीन ठोके, हात. बराच वेळ काही आलं नाही. मग "होऽऽ". मी इतकी आनंदले की पुढचे तीन ठोके पाच झाले. पुन्हा "होऽऽ", आता जवळ. मागून रुषीचाही आला, तो पातळ आवाजाचा. मी वाजवत होते आणि मनात म्हणत होते की मामींना सांगीन, पाहा, किती लवकर आणले.

तेवढ्यात पाळीवरून कुणीतरी धावत येताना ऐकलं. अनवाणी पावलं, आणि फाटलेल्या भात्यासारखा श्वास. मी किंचाळणारच होते. धुक्यातून मामी बाहेर आल्या. डोक्यावर पदर नाही, केस सुटलेले. खाटेवर पडल्या पडल्या त्यांना कळलं होतं की थाळी जागेवर नाही. आल्या आणि त्यांनी सरळ थाळीवर तळवा दाबला.

"हे देऊळ हाये, दुरपता."

"हो मामी. उंचावरून लय दूर..."

"देवळासमोर काय हाये?"

"पाणी."

"खुंटं हायेत!"

मला ठाऊक नव्हतं. गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तलाव बांधला तेव्हा देवळासमोरची मोहाची राई पाण्यात गेली होती. झाडं कुजून पडली, खुंटं राहिली, पाण्याखाली वीतभर, भाल्यासारखी. वर्षानुवर्षांची फाटकी जाळी त्यांच्यात अडकलेली. तिकडे कुणीच डोंगा नेत नसे.

मामींनी तोंडाशी हात धरून हाक मारली. "शाल्या! थांब! रुषीऽ! थांबा रे!" पण ताप आलेल्या माणसाचा आवाज तो. घशातून फाटून निघाला आणि दहा हातांवर विरला.

मग तो आवाज झाला. मोठा नव्हता. लाकडावर लाकूड, ठक्. कुणी पाट ठेवावा तसा. मग पाण्याचा मोठा चुबका. मग काहीच नाही.

मी मामींकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडं होतं. क्षणभरच. मग त्यांनी देवळाच्या झेंड्याचा बांबू खड्ड्यातून उपसला, झेंड्यासकट, आणि माझ्याकडे वळल्या.

"आता इथंच वाजव. आता तो इथं हाये. तीन ठोके, मंग ऐक. हात कापू दे, ठोका चुकला नाई पाह्यजे. अन् रडू नको, रडली त ऐकू येत नाई."

आणि त्या पाळीच्या उतारावरून पाण्यात गेल्या. तापलेल्या अंगानं, पौषातल्या पाण्यात. गुडघे, कंबर, मग धुकं.

मी वाजवलं. तीन. हात ठेवला.

काही नाही.

तीन. हात ठेवला. मामींचा आवाज, "शाल्या! शाल्याऽ!" आणि बांबू पाण्यात आपटल्याचा.

तीन. हात ठेवला. वर कुठंतरी बदकं ओरडत गेली.

त्या वेळी मला काय आठवत होतं ते सांगते. खालच्या पुऱ्यातली एक सून. तिचं नाव मी कधी ऐकलं नाही, सगळे तिला "ती" म्हणायचे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिचा नवरा बुडाला आणि तेराव्याला तिची पेटी मोटारीच्या टपावर चढवली. वाटेत कुणी तिच्याशी बोललं नाही. त्या सुनेनं तर काही केलंही नव्हतं. मी तर थाळी घेऊन पळाले होते.

तीन. हात ठेवला. खोकला. ओला, छातीतून आलेला.

माझ्या हातातली मोगरी सुटली. तो इथंही आला, असं वाटलं मला. मग पुन्हा खोकला आला आणि त्याच्यामागून "माय!"

"दुरपता, वाजव!" मामी ओरडल्या. मी मोगरी उचलली.

"रुषी! डावीकडं नको येऊ! बांबूनं चाचपत ये, खुंटं हायेत!"

"होऽ, काकू! कुठसा हाये तो?"

"इथंच, मह्या पुढं! पाय अडकला जाळ्यात!"

पुढचं मी फक्त ऐकलं. रुषीच्या डोंग्याचं लाकूड खुंटांना घासत येताना. मामींचा हुंकार. "काकू, हा विळा घ्या, कापा." "माय, तू मागं हो, तुले थंडी." "मुकाट राह्य." पाणी, पुन्हा पाणी. मी वाजवत राहिले. दोघं काठाला लागली तरी वाजवत राहिले. शेवटी रुषीनंच माझ्या हातातून मोगरी घेतली.

"झालं, वहिनी. आले समदे. पुरे आता."

नवऱ्याचे ओठ जांभळे झाले होते आणि डाव्या पोटरीवर खुंटानं उभी चीर पाडली होती. माझ्याकडे पाहून काही बोलायला गेले, पण जबडा हलेना. रुषीनं त्यांना पाठीवर घेतलं. मी त्यांची पावलं धरून मागे चालले. ती पोह्यांसारखी पांढरी होती. मामी सगळ्यात मागे होत्या, ओल्या लुगड्यात, बांबूवर भार टाकत.

घरी पोचलो तोवर अख्खा धिवरपुरा जमा झाला होता. त्यांना चुलीपुढे निजवून जवसाचं तेल चोळलं, भाताच्या तणसानं अंग घासलं. मामी कपडे बदलून खाटेवर दोन गोधड्यांखाली पडल्या. थोड्या वेळानं चुलीपुढे नवऱ्याचे दात वाजायला लागले, तेव्हा ते जिवंत आहेत हे मला पटलं. आणि मैना उंबऱ्यात उभी राहिली.

"थाळी कोन वाजवत होतं?"

मी तेलाची वाटी उचलून फळीवर ठेवली.

"दुरपते, तुले इचारतो. देवळापाशी काहून बसली तू? मह्या माणसाचा डोंगा खुंटावरून आला आज. एक बोट इकडं असता त मी आज बांगड्या फोडत बसली असती."

सगळ्या बाया माझ्याकडे पाहत होत्या. कोपऱ्यातल्या माझ्या पेटीकडे माझी नजर गेली.

"आवाज दूर जावा म्हणून," मी म्हटलं. "त्यायले लवकर ऐकू जावं म्हणून उंचावर बसली."

"दगडावर गेलीच नाई?"

"नाई. घरून सरळ देवळापाशीच."

तेव्हा मला दिसलं. खाटेपाशी, जमिनीवर, गोरशी होती. विझलेली, कडेला चिखल लागलेला. दगडापाशी राहिलेली माझी गोरशी. मामींनी येताना उचलून आणली होती. ओल्या लुगड्यात, तापात, बांबूवर टेकत आणली होती, आणि सगळ्यांच्या मागे असल्यामुळे कुणी पाहिलं नव्हतं.

मामी माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनी गोधडीतून पाय बाहेर काढला आणि हळूच, टाचेनं, गोरशी खाटेखाली ढकलली.

"मीच सांगतलं तिले देवळापाशी बस म्हणून," त्या म्हणाल्या.

"तुमी?" मैना म्हणाली. "बावीस वर्सं दगडावर बसणाऱ्या तुमी?"

"तापात होती. मती फिरली मही. पोरीनं सांगतलं तसं केलं. बोलाचं असंल त मले बोल."

"काकू, तुमी असं..."

"मले बोल म्हणतो न."

रुषी मैनाच्या मागे दारात होता. "पण काकू, पयले ठोके त..." असं म्हणायला गेला. मामींनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं डोक्याचा पंचा सोडला आणि पुन्हा बांधायला लागला. मग मैनाला म्हणाला, "चाल घरी. मोटार गेली, मासळी त उन्हात टाकाले लागंन का नाई?"

बाया एकेक करून गेल्या. जाताना एक म्हातारी माझ्या गालावरून हात फिरवून गेली. "जीव लावते पोरगी नवऱ्याले," म्हणाली. तो हात मला तव्यासारखा भाजला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा धुकं. मामींचा श्वास आता घरभर ऐकू येत होता.

"धुकं हाये?" त्यांनी विचारलं.

"हाये."

"पाण्यावर कोन?"

"रुषीभाऊ एकटेच."

"मंग बसली काहून? जा."

मी थाळी घेतली, आणि ठेवली. खाटेपाशी जाऊन बसले. "मामी, काल मी..."

"माहीत हाये मले."

"दगडामागं कोणी खोकलं. मी..."

"असंल."

"तुमाले कधी भेव नाई लागलं तिथं?"

मामी हसल्या. हसताना खोकला आला, तो थांबेपर्यंत मी त्यांची पाठ चोळली. "रोज लागते," त्या म्हणाल्या. "म्हणून त बसतो. उभी राह्यली असती त बावीस वर्सांत बावीसशे खेपा पळाली असती. जा. गोरशी घेऊन जा. अन् ह्या खेपेले परत आण."

मी गेले. दगडावर बसले. पदराचं टोक दगडाच्या खाचेत अडकवून त्यावर बसले, म्हणजे उठायला गेले तर ओढ बसावी. खोकला आला. एकदा डावीकडून, एकदा मागून. मी डोळे गच्च मिटले, तीन ठोके दिले, हात ठेवला. घोंगडीखाली घाम फुटला होता. रुषीचा डोंगा रेतीला घासला तेव्हा उठले आणि गोरशी उचलली. रुषी मासे काढता काढता म्हणाला, "आज थाळी जागेवर हाये, वहिनी," आणि त्याहून जास्त कधीच काही बोलला नाही.

नवव्या दिवशी धुकं संपलं. दहाव्या दिवशी, उन्हं चांगली वर आली असताना, मामी गेल्या. छातीत कफ दाटला होता. तालुक्याहून डॉक्टर आणला, त्यानं सुई दिली, पण उशीर झाला होता. पाण्यात त्या माझ्यामुळे गेल्या होत्या. हे त्या घरात मामींना आणि मला ठाऊक होतं, आणि आता फक्त मला, असं मी समजत होते.

थाळी माझ्याकडे आली. चौतीस हिवाळे मी दगडावर बसले. पदर खाचेत अडकवायची सवय शेवटपर्यंत सुटली नाही.

मैना पुढे माझी जिवाची मैत्रीण झाली. माझी दोन्ही बाळंतपणं तिनं केली. ती पंच्याऐंशी साली गेली. त्या सकाळची गोष्ट निघाली की म्हणायची, "पारबताकाकूनं तापात घोळ केला, बापा, नाई त तशी बाई होणे नाई." मी मान हलवायची. रुषी तिच्यानंतर मुलाकडे नागपूरला गेला. तिथं पाण्याचा नळ सुरू झाला की उठून बसायचा म्हणे. तिथंच वारला.

तानबाजींचाही उलगडा झाला. सत्तर सालच्या आसपास एका सकाळी धुकं लवकर फाटलं, आणि दगडाच्या मागच्या अंगाला एक पाणमांजर बसलेलं दिसलं. दोन्ही पंजांत मासा, मिशांना पाणी. माझ्याकडे पाहून ते खोकलं, उसासा टाकला आणि चुबकन पाण्यात गेलं. मी इतकी हसले की थाळी थांबली. पाण्यावरून चार माणसं बांबू रोवून ओरडायला लागली, "काय झालं? काय झालं?"

आता उतारावर सिमेंटचा घाट आहे. दगड त्याच्याखाली गेला. पोरं मोटारीच्या डोंग्यातून जातात आणि धुकं पडलं तर फोनवर बोलत येतात. थाळी माझ्या सुनेनं घासून फळीवर ठेवली आहे.

राहिले आमचे हे. डाव्या पोटरीवरची चीर दाखवून ते आयुष्यभर पाहुण्यांना गोष्ट सांगत. जावई आले की, इंजिनिअर आले की, मतं मागणारे आले की. "हिनं मह्यासाठी देवळाच्या पायरीवर चढून थाळी वाजवली. उंचावर! आवाज दूर जावा म्हणून! सतरा वर्सांची पोरगी!" मी स्वयंपाकघरात भांडी वाजवत बसायची, म्हणजे ऐकू येऊ नये.

सत्त्याण्णव साली, त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात, आम्ही दोघंच गोरशीपाशी बसलो होतो. बाहेर धुकं होतं. मी म्हटलं, "तुमाले एक सांगाचं होतं. ते देवळाचं."

"कोणतं?"

"मी आवाज दूर जावा म्हणून नव्हती गेली."

ते गोरशीवर हात धरून बसले होते. "पयले नऊ ठोके दगडावरचे होते," म्हणाले. "सहाव्या ठोक्यावर मी होऽ केलं. मंग थाळी थांबली. मी बांबू रोवून उभा राह्यलो. मंग ती वरतून वाजाले लागली. मले वाटलं, मी उभा राह्यलो तवा डोंगाच फिरला, म्हणून आलो तसाच आवाजावर. शुद्ध आली तवा समजलं, डोंगा नव्हता फिरला, थाळीच जागेवरून गेली होती."

मी मनात हिवाळे मोजले. छत्तीस वर्षं.

"तुमाले माहीत होतं? अन् रुषीभाऊले?"

"त्याचे काय कान नव्हते?"

"मंग आजपावतर लोकाइले काय सांगत होते तुमी?"

"मायनं सांगतलं, अन् तू सांगतलं, तेच," ते म्हणाले, आणि काडीनं राख बाजूला सारून खालचा निखारा माझ्या बाजूला वळवला.